आईच्या रक्ताने ओळखलेला फरक: एचएलएच्या शोधाची गोष्ट

घरात बाळ जन्माला आलं की पहिल्या तासाभरात एक कार्यक्रम हमखास होतो. आत्या म्हणते, "नाक आमच्या दादावर गेलंय." मावशी लगेच म्हणते, "पण कपाळ बघा, अगदी ताईचं." कुणाचं काय आलंय ते ओळखायचं, यावर अर्धा दिवस जातो.

आजचा भाग याच ओळखण्याबद्दल आहे. फक्त नाक-कपाळाऐवजी आपण पेशींबद्दल बोलणार आहोत. कारण गंमत अशी की, आत्या-मावशी बाळाजवळ पोचायच्या आधीच बऱ्याच वेळा आईच्या शरीराने ही पारख करून ठेवलेली असते. बाळाच्या पेशींवरचं कुठलं प्रोटीन आपलं आणि कुठलं त्याच्या बापाकडून आलेलं, हे तिच्या रक्ताला कळलेलं असतं. सगळ्याच आयांच्या नाही, पण बऱ्याच जणींच्या. १९५८ च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी त्या रक्ताकडे नीट लक्ष दिलं आणि त्यातून किडनी प्रत्यारोपणाला जोडी जुळवण्याची रीत मिळाली. तर आज ही गोष्ट. आणि त्यातला जो भाग आयांच्या वाट्याला आला, तोही.

आधी अँटीबॉडी म्हणजे काय

अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंड, म्हणजे आपल्या शरीराने बनवलेलं एक प्रोटीन. त्याचं पहिलं काम एकच: परकी वस्तू ओळखायची आणि तिला जाऊन चिकटायचं. ते चिकटलं की बाकीची यंत्रणा येऊन त्या वस्तूचा बंदोबस्त करते. एकदा ओळख झाली की शरीर ती सहसा विसरत नाही. लस काम करते ती याच आठवणीवर.

आता हेच शास्त्रज्ञाच्या नजरेने बघा. दोन पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतायत. त्यांच्यावरच्या एका प्रोटीनमध्ये मात्र बारीक फरक आहे. डोळ्याला तो कधीच दिसणार नाही. पण त्यातल्या एकाच रूपाला चिकटणारी अँटीबॉडी तुमच्याकडे असेल, तर काम झालं. चिकटली म्हणजे हा प्रकार, नाही चिकटली म्हणजे दुसरा. डीएनए वाचता येण्याच्या कित्येक वर्षं आधी माणसामाणसांतले असे फरक शोधायचं हे सर्वात धारदार हत्यार होतं.

याची सुरुवात रक्तगटांपासून झाली. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवलं की एकाचं सीरम दुसऱ्याच्या लाल पेशींच्या गुठळ्या करतं, पण सगळ्यांच्या नाही. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते. अँटीबॉडी त्यातच असतात. त्या गुठळ्यांच्या नोंदींमधून ए, बी, ओ हे गट निघाले. १९५२ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी याच पद्धतीने एक अजब रक्तगट शोधला, ज्याला जग आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. त्या माणसांच्या सीरममधली अँटीबॉडी चक्क ओ गटाच्या पेशींनासुद्धा चिकटत होती.

पण ए, बी, ओ किंवा बॉम्बे, हे फरक पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांचे आहेत. आपल्याला आज जायचंय प्रोटीनकडे. त्यासाठी लाल पेशी सोडून पांढऱ्या पेशींकडे वळावं लागेल.

पॅरिसमधला एक प्रश्न

ज्याँ दोसे हे फ्रेंच डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांना रक्त देण्याचं काम केलं होतं. युद्धानंतर पॅरिसमध्ये काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. ज्या रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं, त्यांच्यापैकी काहींचं सीरम दुसऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करत होतं. रक्तगट तर जुळलेला असायचा. मग ही भानगड कशामुळे?

दोसेंच्या लक्षात आलं की हे सीरम सगळ्यांच्या पांढऱ्या पेशींवर चालत नाही. काहींच्या पेशींच्या गुठळ्या होतात, काहींच्या होत नाहीत. ज्या रुग्णाचं ते सीरम, त्याच्या स्वतःच्या पेशींना तर काहीच होत नाही. याचा अर्थ पांढऱ्या पेशींवर असं काहीतरी आहे जे काही माणसांकडे असतं आणि काहींकडे नसतं. १९५८ साली त्यांनी अशा एका खुणेची नोंद केली आणि तिला नाव दिलं 'मॅक'. प्रयोगासाठी रक्त देणाऱ्या तीन स्वयंसेवकांच्या नावांची ती आद्याक्षरं. या मॅकला विसरू नका, ती पुढे परत येणार आहे.

दोसेंची अडचण एवढीच होती की त्यांच्या रुग्णांना अनेक दात्यांचं रक्त मिळालेलं. त्यामुळे त्यांच्या सीरममध्ये अनेक प्रकारच्या अँटीबॉडींची भेळ झालेली. कुठली अँटीबॉडी कुणामुळे आली, हे कसं सांगणार?

मग लक्ष गेलं आयांकडे

त्याच १९५८ साली, एकमेकांपासून हजारो मैल दूर, दोन गटांना जवळजवळ एकच गोष्ट सापडली. अमेरिकेत स्टॅनफर्डला रोझ पेन आणि मेरी रॉल्फ्स. नेदरलँड्समध्ये लायडनला यॉन फान रोड आणि त्यांचे सहकारी. दोघांनाही पांढऱ्या पेशींना चिकटणाऱ्या अँटीबॉडी अशा बायकांच्या रक्तात मिळाल्या, ज्यांना आयुष्यात कधी बाहेरचं रक्त दिलंच नव्हतं. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती, त्या गरोदर राहिल्या होत्या. आणि बाळंतपणं जितकी जास्त, तितकी या अँटीबॉडी सापडण्याची शक्यता जास्त.

उलगडा सोपा होता. बाळाच्या पेशींवरची निम्मी प्रोटीन्स बापाकडून आलेली. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात. आईचं शरीर त्या बघतं आणि जे आपलं नाही त्याची नोंद करतं. ही नोंद म्हणजेच अँटीबॉडी. बाळाला बहुतेक वेळा त्यांचा काही त्रास होत नाही, बाई ठणठणीत असते, तिला पत्ताही नसतो. पण तिच्या रक्तात नवऱ्याच्या काही प्रोटीन्सची ओळख पुढची कित्येक वर्षं टिकून राहू शकते.

शास्त्रज्ञांसाठी हे सीरम म्हणजे घबाड होतं. दहा दात्यांची भेळ नाही, एकाच पुरुषाकडून आलेल्या मोजक्या प्रोटीन्सविरुद्धच्या अँटीबॉडी. शिवाय वारीच्या रकान्यासारखा हिशेबही तपासता येतो, कारण आई, बाप आणि मूल तिघंही समोर असतात. त्यामुळे यानंतरची कित्येक वर्षं जगभरच्या या प्रयोगशाळांचा मुख्य कच्चा माल होता बाळंतिणींचं रक्त.

गोंधळातून तक्ता कसा निघाला

पण एका सीरममध्येसुद्धा दोन-तीन अँटीबॉडी असू शकतात. त्यांच्यावर लेबल लावलेलं नसतं. मग ओळखायचं कसं?

असं समजा की एका वाड्यात दहा आज्या आहेत आणि प्रत्येकीला एकच गोष्ट ओळखता येते. एकीला फक्त बाकदार नाक, एकीला फक्त घारे डोळे. पण आपण काय ओळखतोय हे त्या सांगत नाहीत, समोरच्या माणसाला बघून फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. तुम्ही शंभर माणसं त्यांच्यासमोरून नेली आणि कोण कुणाला हो म्हणतं ते लिहून काढलं, तर काय होईल? ज्या दोन आज्यांची उत्तरं सारखी येतात, त्या बहुतेक एकच गोष्ट बघतायत. म्हणजे उत्तरांच्या नक्षीवरून तुम्हाला नाक आणि डोळे 'दिसायला' लागतील.

फान रोड यांनी हेच केलं. पुष्कळ बायकांची सीरम घेतली, पुष्कळ माणसांच्या पेशी घेतल्या, मोठा तक्ता केला आणि त्यातली नक्षी शोधायला कॉम्प्युटर वापरला. १९६० च्या सुमाराला! त्यातून त्यांना एकाच खुणेची दोन रूपं सापडली, त्यांना नाव दिलं ४ए आणि ४बी. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, रोझ पेन यांनी वॉल्टर आणि ज्युलिया बॉडमर या दांपत्याबरोबर आणखी खुणा मांडल्या, एलए१ आणि एलए२.

आता बघा, पॅरिसमध्ये मॅक, लायडनमध्ये ४ए, स्टॅनफर्डमध्ये एलए२. घरी बंड्या, शाळेत श्रीकांत, ऑफिसात एसके, असा प्रकार. यातली कुठली नावं एकाच खुणेची, कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून १९६४ मध्ये बर्नार्ड एमॉस यांनी अमेरिकेतल्या डरहॅमला सगळ्यांना एकत्र बोलावलं. अट अशी की सगळ्यांनी त्याच माणसांच्या पेशी आपापल्या पद्धतीने तपासायच्या. निकाल बघून सगळ्यांचे चेहरे पडले असणार, कारण ते एकमेकांशी जुळतच नव्हते. पण त्या लोकांनी भांडण करण्यापेक्षा आपापली सीरम एकमेकांना वाटायला सुरुवात केली. १९६५ ला लायडन, १९६७ ला इटलीतलं तोरिनो. तोरिनोला रुजेरो चेपेलिनी यांनी अख्खी कुटुंबं तपासायला दिली आणि तिथे चित्र साफ झालं. या सगळ्या खुणा एकाच ठिकाणच्या जनुकांच्या जुडग्यातून येतात, आणि ते जुडगं आईकडून एक, बापाकडून एक असं आख्खं मिळतं. म्हणूनच सख्ख्या भावंडांत दोन्ही जुडगी जुळण्याची शक्यता चारात एक असते. आजही डॉक्टर आधी भावंडांची तपासणी सांगतात, त्याचं कारण हे.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने या सगळ्याला एकच नाव दिलं. तेव्हा ते एचएल-ए असं लिहायचे, आज आपण एचएलए म्हणतो. आणि दोसेंची मॅक? ती आणि पेन यांची एलए२ ही एकच खूण निघाली. आज तिचं नाव आहे एचएलए-ए२.

एक थेंबाहून कमी

या सगळ्यात एक व्यावहारिक अडचण होती. चांगलं सीरम दुर्मीळ. एका बाईचं रक्त किती घेणार आणि किती तपासण्यांना पुरवणार?

यावर तोडगा काढला लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांनी. जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला हा माणूस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांची शाळकरी वर्षं ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या अशाच एका छावणीत गेली. १९६४ मध्ये त्यांनी जी तपासणी मांडली तिला फक्त एक मायक्रोलिटर सीरम लागायचं, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग.

पद्धत अशी. प्लॅस्टिकच्या छोट्या ताटलीत रांगेने बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात वेगळ्या सीरमचा कण, तो सुकू नये म्हणून वर तेलाचा थर. त्यात तपासायच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या. मग सशाच्या रक्तातून काढलेलं 'कॉम्प्लिमेंट' घालायचं. अँटीबॉडी जिथे चिकटलेली असेल तिथे हे कॉम्प्लिमेंट पेशीला भोकं पाडतं. शेवटी रंग टाकायचा. मेलेल्या पेशीत रंग शिरतो, जिवंत पेशीत नाही. झाली ओळख! जगभरच्या प्रयोगशाळांनी ही ताटली स्वीकारली आणि तिला आजही 'तेरासाकी प्लेट' म्हणतात.

आकडे, जे विसरता येत नाहीत

इथपर्यंत हे सगळं प्रयोगशाळेतलं. रुग्णाला याचा काय उपयोग?

१९५४ मध्ये बॉस्टनला पहिली यशस्वी किडनी बसवली गेली, पण ती जुळ्या भावांमध्ये. दोघांची प्रोटीन्स एकच. इतरांच्या बाबतीत मात्र कधीकधी भयंकर घडायचं. किडनी जोडली, रक्त सुरू केलं, आणि ऑपरेशन टेबलवरच ती काळीनिळी पडून बंद. सर्जनची काही चूक नाही, तरी.

१९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब छापला. ऑपरेशनआधी रुग्णाचं सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून बघायच्या. याला 'क्रॉसमॅच' म्हणतात. ३० रुग्णांच्या सीरममध्ये दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार होत्या, आणि त्यातल्या २४ किडन्या ताबडतोब निकामी झाल्या. उरलेल्या १९५ जणांमध्ये अशा फक्त ८. म्हणजे ८० टक्के विरुद्ध ४ टक्के. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं हा विषयच संपला.

त्याआधी १९६७ मध्ये फान रोड यांनी युरोट्रान्सप्लांट ही संस्था उभी केली होती. कल्पना साधी: एका देशात जुळणारा दाता मिळत नसेल तर शेजारच्या देशात मिळेल. यादी एक करा. आणि १९७३ मध्ये एचएलएचा उपयोग प्रत्यारोपणापलीकडे गेला. पाठीचा कणा आखडत जाणारा एक आजार असतो, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. लंडनमध्ये अशा ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत एचएलए-बी२७ ही खूण मिळाली. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत फक्त ३. कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी आज डॉक्टर बी२७ची टेस्ट लिहून देतात, तिचं मूळ तिथे आहे. दोसेंना १९८० चं नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. पेन, फान रोड आणि तेरासाकी यांना नाही.

अँटीबॉडीला काय दिसत नाही

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी बनवल्या. म्हणजे एकाच प्रकारची शुद्ध अँटीबॉडी, हवी तितकी, कुठल्याही बाईच्या रक्तावर अवलंबून न राहता. १९८१ मध्ये एचएलए-ए२ ला चिकटणारी अशी एक अँटीबॉडी प्रसिद्ध झाली, बीबी७.२. पॅरिसच्या त्या जुन्या मॅकसाठी आता बाटलीबंद अँटीबॉडी मिळू लागली.

१९८७ मध्ये हार्वर्डला पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी याच ए२ प्रोटीनचा आकार उलगडला. वरच्या बाजूला एक खाच दिसली. पेशीच्या आतल्या प्रोटीन्सचे तुकडे त्या खाचेत बसवून बाहेर दाखवायचे, दुकानाच्या शोकेससारखं, हे एचएलएचं खरं काम. विषाणू शिरला असेल तर त्याचा तुकडा शोकेसमध्ये येतो आणि पहारेकरी पेशींना कळतं. माणसामाणसांतले बहुतेक फरक याच खाचेभोवती आहेत.

आणि इथेच अँटीबॉडीची मर्यादा कळते. आज डीएनए वाचून ए२ चेसुद्धा उपप्रकार सांगता येतात. त्यातले ०२:०१ आणि ०२:०६ घ्या. तीनशेहून जास्त अमिनो आम्लांच्या प्रोटीनमध्ये फरक फक्त एकाचा, आणि तोही खाचेच्या तळाशी. बाहेरून बघणारी अँटीबॉडी दोघांनाही 'ए२' म्हणून मोकळी. शोकेसमध्ये काय बसतं, ते मात्र बदलतं. भारतीयांमध्ये ०२:११ हा उपप्रकार बऱ्यापैकी आढळतो, युरोपात ०२:०१. डोळ्याच्या एका कॅन्सरवर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध फक्त ०२:०१ असलेल्यांनाच देतात. म्हणजे नुसतं 'ए२ आहे' एवढ्यावर आता भागत नाही.

आणि त्या आया?

शेवटी ज्यांच्यापासून ही गोष्ट सुरू झाली त्यांच्याकडे येऊ. बाळंतिणींच्या रक्तातल्या ज्या अँटीबॉडींनी जगाला जुळवणी शिकवली, त्या अँटीबॉडी त्या बाईच्या अंगातही राहतातच. पुढे कधी तिचीच किडनी गेली आणि नवरा म्हणाला, "माझी घ्या," तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकते. मुलगा किंवा मुलगी पुढे आली, तरीही. कारण मुलांच्या पेशींवर बापाची तीच प्रोटीन्स आहेत, ज्यांची ओळख तिच्या शरीराने त्यांच्याच वेळच्या गरोदरपणात करून ठेवली. डायलिसिसच्या काळात रक्त द्यावं लागलं तर यात आणखी भर पडते.

आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे वर्षानुवर्षं दिसतंय. यामागे घर आणि समाज तर आहेच. पण बाईला किडनी हवी असते तेव्हा घरातलाच दाता जुळणं पुरुषापेक्षा अवघड पडू शकतं, ही जास्तीची अडचण तिच्या रक्तातून येते. वाटा आहेत. २०११ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात 'स्वॅप'ला जागा झाली, म्हणजे दोन कुटुंबांनी दाते अदलाबदल करायचे. अँटीबॉडी कमी करण्याचे उपचार आहेत. मृत दात्यांची यादी आहे, आणि ती जितकी मोठी तितकी अशा बायकांना जुळणारी किडनी मिळण्याची आशा जास्त. मरणोत्तर अवयवदानाचा फॉर्म भरताना हे डोक्यात असू द्या.

त्या पहिल्या सीरम देणाऱ्या बायकांची नावं शास्त्राच्या पुस्तकांत नाहीत. पण यातल्या बऱ्याच खुणा आधी कुठल्या तरी बाईच्या शरीराने ओळखल्या, मग त्या शास्त्रज्ञांना दिसल्या. तुमच्या ओळखीत कुणी किडनीच्या रांगेत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.